व्हिजिट बुकातला शेरा

बाबा जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली, पण 'तपासणी' हा शब्द कानावर पडला की अजूनही त्यांचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो. त्यामुळे गेल्या जुलैत जेवताना मी सहज म्हणालो, "उद्या टाकीच्या तपासणीला माणूस येणार आहे," तेव्हा त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली.

"किती वाजता?"

"आठ ते बाराच्या मध्ये कधीतरी."

"सोबत कोण कोण?"

"एकटाच असतो."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

आम्ही टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या पश्चिमेला राहतो. या टापूला हिल कंट्री म्हणतात. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हसू आवरावं लागेल, एवढीच ती हिल. एकरभर जागा, ओकची झाडं, संध्याकाळी दारात हरणं. घर दाखवताना एजंटाने हरणांवर दहा मिनिटं खर्च केली आणि गावाची गटारलाइन आमच्या रस्त्याच्या दोन मैल अलीकडेच संपते, ही बाब "सिस्टिम आहे" एवढ्या दोन शब्दांत उरकली. वर वीतभर माती आणि खाली चुनखडीचा कातळ. अशा जमिनीत साधा शोषखड्डा चालत नाही, कारण पाणी शोषायला तिथे कुणी हजरच नसतं. म्हणून इथे घरोघरी एरोबिक सेप्टिक.

आपल्याकडच्या नेहमीच्या सेप्टिक टाकीतले जंतू हवेवाचून जगणारे. अंधारात बसून, वास मारत, कुणाला पत्ता लागू न देता वर्षानुवर्षं सावकाश काम करतात. (बाबांच्या मते त्यांच्या खात्यातही हीच जात जास्त होती.) एरोबिक टाकीतले जंतू मात्र शहरी वळणाचे. त्यांना चोवीस तास ताजी हवा लागते. त्यासाठी चपलांच्या खोक्याएवढा एक पंप रात्रंदिवस घुंघुं करत टाकीत बुडबुडे सोडत असतो. टाकीला खण चार. पहिल्यात जड ते बसतं आणि तेलकट ते तरंगतं, दुसऱ्यात हवेवरचे जंतू उरलेल्याचा फडशा पाडतात, तिसऱ्यात गाळ निवळतो, आणि वाटेत क्लोरीनच्या गोळ्यांना न्हाऊन पाणी चौथ्यात साठतं. सांडपाण्यात हवा सोडायची आणि बसलेला गाळ पुन्हा कामाला लावायचा, ही युक्ती अर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली मँचेस्टरमध्ये मांडली. मोठमोठ्या शहरांचं मैलापाणी आजही तिच्यावर चालतं. आमच्याकडे तेच मँचेस्टर परसात पुरलेलं आहे, वर हिरवी प्लास्टिकची झाकणं लावून.

आता चौथ्या खणातलं पाणी जातं कुठे? तर रात्री बारा ते पहाटे पाचच्या दरम्यान, टायमर लावून, जांभळ्या तोंडाच्या फवाऱ्यांतून आमच्याच हिरवळीवर.

बाबा मे महिन्यात आले तेव्हा हे त्यांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, विमानतळावरून घरी येताना हा विषय काढण्यासारखं वळण रस्त्यात आलं नाही. बाबा पहाटे पाचला उठतात. दवात अनवाणी चाललं की डोळ्यांचं तेज वाढतं, यावर त्यांची निष्ठा आहे, आणि आमच्या हिरवळीवर इतकं भरघोस दव पाहून ते खूश झाले. टेक्सासच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांचं गवत करपलेलं आणि मुलाच्या दारात मात्र दोन गोल हिरवेगार! आठवडाभर त्यांनी त्या गोलांत फेऱ्या मारल्या. दव डोळ्यांना लावल्याचंही त्यांनीच नंतर कबूल केलं. आठव्या दिवशी त्यांनी गावी फोन करून काकांना "इकडचं दव आपल्यापेक्षा जड असतं" असं सांगताना बायकोने ऐकलं, आणि तिने मला आत बोलावून एवढंच म्हटलं, "सांगा आता."

मी सांगितलं. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. नंतर पाऊण तास न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. तेवढंही पाणी टाकीतच चाललं होतं, हे मी त्या वेळी बोललो नाही.

चहा झाल्यावर मात्र त्यांचा राग ओसरला. आम्ही कणकवलीकडचे. लहानपणी बाबांनी अप्पासाहेब पटवर्धनांना पाहिलं होतं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम मागणारे, आणि ते मिळावं म्हणून येरवड्यात गांधीजींनी ज्यांच्यासाठी उपवास केला, ते अप्पासाहेब. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत करून दाखवलं, सोपे संडास बांधले. बाबा म्हणाले, "अप्पा म्हणायचे ते कोकणात निम्म्यांना पटलं नाही, आणि तू अडीचशे डॉलर भरून ते टेक्सासात करतोस." मग थोडं थांबून म्हणाले, "पण अप्पा लोकांना त्यात चालायला लावत नव्हते."

अडीचशे डॉलर हा तपासणीच्या वार्षिक कराराचा आकडा. असली फवाऱ्यांची टाकी घरी असली की ती नुसती असून भागत नाही. पहिली दोन वर्षं बसवणाऱ्याने बघायचं, पुढे परवानाधारक माणसाशी करार. दर चार महिन्यांनी तपासणी, आणि अहवालाची एक प्रत घरमालकाला, एक काऊंटीच्या कचेरीत. काही काऊंट्यांत घरमालकाला हे काम स्वतः करायची मुभा असते. मला ती मिळाली तरी नको आहे.

तर त्या जुलैच्या रात्री बाबांनी सूत्रं हाती घेतली. जिल्हा परिषदेत तपासणी म्हणजे काय असते ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी काय सांगणार. साहेब येणार म्हटल्यावर आठ दिवस आधी रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागायचा, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागायचा, आणि एरवी न सापडणारी मोजमाप पुस्तकं आपोआप सापडायची. आमच्याकडे रात्र एकच होती. सकाळी सहाला उठून पाहतो तर चारही झाकणांभोवती पांढरी रांगोळी. चुना मिळाला नाही म्हणून तांदळाचं पीठ. पायवाट झाडलेली. एका फोल्डिंग टेबलावर पांढरी चादर, त्यावर पाण्याचा तांब्या, पेन आणि दोनशे पानी वही. वहीवर बाबांच्या वळणदार अक्षरात 'व्हिजिट बुक'.

आणि एक फर्मान. "साहेब येऊन जाईपर्यंत आत कुणी जायचं नाही."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. ऐन वेळी टाकीत काही ताजं दिसायला नको."

आमच्या दहावीतल्या मुलीने शाळेची बस येईपर्यंत ज्या नजरेने आजोबांकडे पाहिलं, ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात कडक तपासणी असावी. (उन्हाळी वर्ग होते; आजोबांच्या दुर्दैवाने आणि तिच्या सुदैवाने.)

साडेअकराला साहेब आले. सहा फूट दोन इंच, डोक्यावर टोपी, पायात चिखलाचे बूट, ट्रकच्या मागच्या फळीवर नळ्या आणि बरण्या. बाबांनी "वेलकम सर" म्हणून हात पुढे केला. साहेबांनी हातमोजा काढला, बाबांचा हात हलवला, मोजा परत घातला आणि रांगोळीकडे पाहिलं. "मुंग्यांसाठी आहे का?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. इथल्या लाल आगमुंग्यांना विजेच्या पेटीत घर करायची हौस असते, त्या आत मरून संपर्क अडवतात आणि पंप बंद पडतो. त्यातून तांदळाच्या पिठावर त्या केव्हाच जमल्या होत्या.

मग त्यांनी दुसऱ्या खणाचं झाकण उघडलं, वाकले आणि वास घेतला. नुसता घेतला नाही, चवीने घेतला. बाबाही शेजारी वाकले. "मातीसारखा येतोय," साहेब म्हणाले, "म्हणजे चांगलं आहे. सडक्या अंड्यासारखा आला असता तर हवा पोचत नाही असं समजायचं." बाबांनी पुन्हा एकदा नाक पुढे केलं आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अरे, हा तर पहिल्या पावसाचा!" मराठी कवितेने गेली शंभर वर्षं ज्या वासावर गुजराण केली तो आमच्या परसात बारा महिने, दोन स्क्रू सैल केले की हजर असतो.

पुढे त्यांनी त्याच खणात बुडबुडे येतात का ते पाहिलं, हवेच्या पंपाचं गाळणं काढून झटकलं, लाल दिवा आणि भोंगा वाजवून बघितला. एक लांब पारदर्शक नळी तळापर्यंत घातली आणि खाली गाळ किती साचला ते काचेतून पाहावं तसं वाचलं. दुसऱ्या खणातलं पाणी एका बरणीत भरून झाकणावर अर्धा तास निवळत ठेवलं. नेमका तेव्हा बाबांनी चहा आणला आणि तो बरणीच्या शेजारी ठेवला. दोन्हींचा रंग तंतोतंत एक. आलं घातलेलं कशात आहे हे दुरून सांगता आलं नसतं. साहेबांनी क्षणभर दोन्हींकडे पाहिलं आणि अनुभवी माणसाच्या सावधपणाने ज्याला कान होता ते उचललं.

मधल्या वेळात चौकशी झाली. कपडे सगळे शनिवारीच धुता का? हो. मशीनच्या पाच पाळ्या एका दिवशी लावल्या की पाणी लोंढ्याने येतं, खणांत थांबायला सवड मिळत नाही. आठवड्यात वाटून घ्या. घरात कुणाला अँटिबायोटिक्स चालू होती का? होती, मलाच, जूनमध्ये, दाताची. पाकिटावर 'फ्लश करा' लिहिलेले ओले टिश्यू कोण वापरतं? यावर घरात शांतता. आमच्या डॉक्टरला आमचं नावसुद्धा संगणकात बघून घ्यावं लागतं. या माणसाने झाकण उघडून आमचं दप्तर वाचलं. बाबांनी सकाळच्या फर्मानाची हकिकत मोठ्या अभिमानाने सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, एका सकाळीने काही होत नाही. टाकीला चार महिन्यांचं आठवतं."

बाबा गप्प झाले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं दप्तर पाहिलं नव्हतं जे आदल्या रात्री बसून पूर्ण करता येत नाही.

माझी चोरी पकडली गेली ती क्लोरीनच्या नळीपाशी. सांडपाण्यासाठीच्या गोळ्या वेगळ्या येतात, त्या महाग. पोहण्याच्या तलावाच्या गोळ्या दुकानात बादलीने मिळतात, त्या स्वस्त. दिसायला दोन्ही पेढे. मी कोकणी माणूस. निष्कर्ष उघड आहे. साहेबांनी नळीचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि पहिल्यांदाच दोन पावलं मागे सरकले. तलावाच्या गोळ्या पाण्यात बुडून राहायला केलेल्या असतात. दमट बंद नळीत त्या घातक वायू सोडतात, आणि दोन्ही जातीच्या गोळ्या एकत्र आल्या तर आग किंवा स्फोटही होऊ शकतो. माझ्या नळीत खाली जुन्या आणि वर नव्या अशी आंतरजातीय वस्ती होती. पंधरा डॉलर वाचवून मी परसात सुरुंग पेरला होता. बाबांनी मराठीत एकच शब्द उच्चारला. तो त्यांच्या खात्यात कंत्राटदारांसाठी राखून ठेवलेला होता.

शेवटी कुपीत पाणी आणि पुडी टाकून रंग पाहिला. फिकट गुलाबी आला. लिटरमागे किमान ०.१ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं की नियमाचं समाधान होतं. अहवालाच्या छापील कागदावर पंप, गोळ्या, वायरिंग, फवारे, असे रकाने असतात आणि समोर 'चालू' किंवा 'बंद'. त्यात फवाऱ्याखालच्या गवतालाही एक रकाना आहे. गवतासमोर 'चालू' अशी खूण पाहून बाबांना विशेष आनंद झाला. त्यांनी ते जवळून तपासलेलं होतं. मग त्यांनी व्हिजिट बुक पुढे केलं. साहेबांना ते काय आहे ते कळलं नाही, पण त्यांनी लिहिलं: "टाकी चांगली. चहा फार चांगला." बाबांनी ते पान मोबाइलवर काढून काकांना पाठवलं.

त्यानंतर आले गणपती.

आमचा पाच दिवसांचा. भोवतालच्या तीस मैलांतले मराठी लोक रविवारी आमच्याकडे जेवायला येतात, कारण जागा मोठी आणि गाड्या लावायची सोय. आमची टाकी दिवसाला ५०० गॅलन, म्हणजे सुमारे १९०० लिटर पाणी पचवते. चौघांच्या घराला ते उदंड. पण त्या रविवारी पासष्ट माणसं, सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत, त्यात लहान मुलं, मधुमेही ज्येष्ठ आणि भांडी घासायला उत्साहाने पुढे सरसावलेल्या सहा जणी. पाणी दिवसभर येत राहिलं आणि फवारा तर रात्री बारालाच सुटणार. चौथा खण भरत गेला. संध्याकाळच्या आरतीत, सगळ्यांचा सूर टिपेला पोचला असताना, भिंतीवरचा लाल दिवा लागला आणि भोंगा सुरू झाला.

तो कुणालाही ऐकू आला नाही. चार झांजा, एक ढोलकी आणि ऑस्टिनच्या महाराष्ट्र मंडळींचा आवाज यांच्यापुढे त्या भोंग्याची काय टाप. उलट बाहेर उभ्या असलेल्या एका पाहुण्यांनी "दिवा मस्त लावलाय, बरोबर आरतीच्या ठेक्यात" अशी दाद दिली. आरती संपली, भोंगा उरला, तेव्हा मी धावलो आणि बटण दाबून त्याला गप्प केलं. आत येऊन प्रसाद वाटणाऱ्या बायकोच्या कानात सांगितलं. तिने चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून आल्या-गेल्याला सांगायला सुरुवात केली, "कॉफी घेऊनच जा हं, गावातल्या कॅफेत. फार छान मिळते. आत्ताच जा."

विसर्जनाला वेगळाच पेच. शाडूची मूर्ती बादलीत विरघळवायची आणि ते पाणी झाडाला घालायचं, हे दर वर्षीचं. पण बाबांनी मुद्दा काढला: कुठल्या झाडाला? परसात फवारा कुठे पडतो आणि कुठे नाही? गणपतीचं पाणी तिथे ओतणार? मग काऊंटीने मंजूर केलेला टाकीचा नकाशा कपाटातून निघाला. बाबांनी चष्मा लावला, पट्टी घेतली, फवाऱ्यांचे दोन गोल गावठाण आखावं तसे तपासले, वाऱ्याने तुषार उडेल म्हणून दहा फूट अधिक सोडले, आणि एक एकर जमिनीत सोवळी जागा कुठली ते काढलं. ती निघाली टपालपेटीजवळची, एका खुरट्या ओकाखाली. त्या गोलांच्या आत भाजीपाला किंवा फळझाड लावायचं नाही असा सरकारी नियमही आहे; बायकोची कढीपत्त्याची कुंडी त्याच कारणाने पाच वर्षं घराच्या पुढच्या पायरीवर बसून आहे. टेक्सास सरकार आणि आमच्या आजीचं सोवळं यांच्यात इतकं एकमत होईल असं मला वाटलं नव्हतं.

नोव्हेंबरची तपासणी बाबा परत जायच्या चार दिवस आधी आली. या वेळी रांगोळी नव्हती, फर्मान नव्हतं. बाबा शर्टाचं वरचं बटण लावून नुसते उभे होते. साहेबांनी पहिलं झाकण उघडलं आणि या वेळी वासाआधीच थांबले. वर बोटभर जाड, पिवळसर साय धरली होती.

"तुम्ही इथे हॉटेल वगैरे चालवता का?"

बायको म्हणाली, सप्टेंबरात सण होता, पाहुणे होते, गोड पदार्थ होते. "तळलेले?" साहेबांनी विचारलं. झालं. बाबांना ते सहन झालं नाही. "नो सर! स्टीम्ड! ओन्ली स्टीम्ड!" उकडीच्या मोदकाला तळण म्हणणं म्हणजे कोकणच्या वर्मावर बोट. त्यांनी हातांनी मोदकाच्या कळ्या करून दाखवल्या, वाफ दाखवली. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "मग ही चरबी कसली?"

बाबा काही बोलेनात. मोदकावर तूप घ्यायचं नसतं असं सांगायला त्यांची जीभ रेटेना.

पहिला खण उपसून घ्या, असं ठरलं. त्यासाठी टँकर येतो आणि त्याचे पैसे करारात धरलेले नसतात. बाकी सगळं 'चालू'. व्हिजिट बुक पुढे आलं तेव्हा साहेबांनी बराच विचार केला आणि एकच शब्द लिहिला: "तूप." हा शब्द त्यांनी बायकोला विचारून, इंग्रजी अक्षरांत, बरोबर लिहिला.

बाबा आता कणकवलीला आहेत. दर रविवारी फोनवर तब्येत, नातीचा अभ्यास आणि मग ठरलेला प्रश्न: "शेऱ्याची पूर्तता केलीस का?" केली. टँकर येऊन गेला, गोळ्या बदलल्या, कपडे आता सोमवार-बुधवार-शुक्रवार धुतो.

पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. त्याआधी इकडे येणार असाल तर अवश्य या, घर तुमचंच आहे. ओले टिश्यू तेवढे बॅगेतून बाहेर काढू नका, आणि पहाटे फिरायला जाताना चपला घाला.